गोळीने कामं होतात, पण डबा तसाच परत येतो

पत्र:

मॅडम, मी 37 वर्षांची आहे, पुण्यात एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. मागच्या वर्षी शाळेतून तक्रारी आल्या म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला दाखवलं आणि त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चंचलपणाचा विकार, निघाला. डॉक्टर त्याच्याबद्दल एकेक प्रश्न विचारत होते आणि मला वाटत होतं, हे तर सगळं माझंच चाललंय. पुढे माझीही तपासणी झाली. तीन महिने त्यावरची मिथाइलफेनिडेट ही गोळी घेतेय, आधी 10 मिलिग्रॅम, आता सकाळी आठला 20 ची एसआर, म्हणजे हळूहळू सुटणारी. कामाचं म्हणाल तर आयुष्यात पहिल्यांदा उघडलेली फाईल पूर्ण करून मिटते. पण दुपारी घास घशाखाली उतरत नाही. डबा तसाच परत जातो आणि सासूबाई रोज उघडून बघतात. चार किलो उतरलेय. छातीत धडधडतं. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत डोकं ठणकायला लागतं, मग मुलावर ओरडते आणि रात्री त्याच्याकडे बघून रडू येतं. बारा-साडेबाराशिवाय झोप नाही. मिस्टर म्हणतात, ‘आधीची वेंधळी बरी होतीस, आता नुसती मशीन झालीस.’ डॉक्टरांकडे गर्दी असते, ‘बरं आहे ना?’ विचारलं की मी ‘हो’ म्हणून चिठ्ठी घेऊन येते. गोळी बंद करू का? ब्राह्मीवर भागेल का? आणि मलाच एवढा त्रास होतो तर मुलाला हीच गोळी कशी सुरू करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर:

ताई,

एवढा सगळा त्रास तुम्ही मला सविस्तर लिहिलात आणि ज्या माणसाला तो सांगायला हवा त्याला ‘हो, बरं आहे’ म्हणून आलात. तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर तुम्ही आज उत्तम चाललेला पेशंट आहात. 10 ची 20 झाली तीही बहुधा त्या ‘हो’च्या भरवशावर. माझा पहिला आग्रह एवढाच की पुढच्या खेपेला हे पत्र, जसं मला पाठवलंत तसंच, त्यांच्या टेबलावर ठेवा. तोंडी सांगताना आपण आटोपतं घेतो, कागद आटोपतं घेत नाही.

तुमचा डोस कमी-जास्त करणं मला इथून शक्य नाही आणि योग्यही नाही. पण त्यांच्यासमोरची ती पाच मिनिटं सत्कारणी लागतील अशी तयारी आपण करू शकतो.

‘या गोळीने मला त्रास होतो’ एवढ्यावर डॉक्टरला फारसं काही करता येत नाही. कोणता त्रास किती वाजता होतो, हे त्याला हवं असतं. मिथाइलफेनिडेट मेंदूतली डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन ही निरोप पोचवणारी रसायनं पेशींमध्ये परत शोषली जाऊ देत नाही, म्हणून लक्ष टिकतं. नॉरॲड्रिनलिनचा अंमल हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवरही चालतो, म्हणून नाडी वाढते. तोंड कोरडं पडणं, भूक मरणं हेही या औषधाचंच. हे औषध घड्याळाप्रमाणे चढतं आणि उतरतं. साधी गोळी तीन-चार तास, एसआर साधारण सहा ते आठ, आणि त्याहून लांब चालणाऱ्या दहा-बारा तासांच्याही मिळतात. तुमची आठची गोळी म्हणजे दुपारी दोन ते चारच्या दरम्यान कधीतरी उतरते.

आता तुमच्या तक्रारी या घड्याळावर मांडून बघा. दुपारी भूक नाही, हे गोळीचंच काम, शंका नाही. संध्याकाळची डोकेदुखी आणि भडका गोळी उतरल्यानंतरचा आहे, आणि त्यात दिवसभराच्या उपाशी पोटाची भर आहे. पण रात्री बाराला झोप नाही, याचा सगळा दोष सकाळी आठच्या एसआरवर टाकणं अवघड आहे, तोवर ती बरीचशी शरीराबाहेर गेलेली असते. तिथे दुसरं काहीतरी शोधायला हवं. एडीएचडी असलेल्या अनेकांची झोप मुळातच उशिराकडे सरकलेली असते. म्हणून एक विचारते: गोळीच्या आधी, समजा तीन वर्षांपूर्वी, तुम्ही दहाला झोपत होता का? उत्तर ‘नाही’ असेल तर झोपेचा प्रश्न वेगळा काढून डॉक्टरांपुढे ठेवा. आणि डोस दुपारी घेत असाल, किंवा जीएसटी भरायच्या 20 तारखेच्या आसपास ‘आज जास्त काम आहे’ म्हणून एक जादा घेत असाल, तर तेही लिहा. विचारतेय कारण तसं करणारे पुष्कळ असतात आणि सांगत कोणीच नाहीत.

दहा-बारा दिवस नोंद ठेवा. वहीबिही आणू नका, ती तिसऱ्या दिवशी सापडणार नाही, हे तुम्हीही जाणता. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाकता येतो, वेळ आपोआप पडते. तुटक लिहिलं तरी चालेल: ‘गोळी. पोहे अर्धी बशी.’ ‘तिसरा चहा, धडधड.’ ‘दोन घास, नको वाटलं.’ ‘डोकं.’ ‘ओरडले.’ ‘लाईट बंद.’ पाळी कधी आली तेही टाका. पाळीआधीच्या आठवड्यात लक्ष पार विस्कटतं आणि गोळी लागूच पडत नाही, असं अनेक बायका सांगतात. तो आठवडा बाजूला काढल्याशिवाय डोसबद्दल काही ठरवणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

धडधडीबद्दल थोडं सावकाश. या औषधाने नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात, बहुतेकांमध्ये नाडी मिनिटाला काही ठोके आणि रक्तदाब दोन-चार अंक, एवढंच. काहींमध्ये जास्त वाढतात, म्हणून मोजायला हवं. घरात सासऱ्यांसाठी वगैरे बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं शांत बसून सकाळी गोळीच्या आधी एकदा आणि धडधड होते त्या वेळी एकदा, असे आकडे घ्या. बसल्या जागी नाडी सतत 120 च्या वर राहिली किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले तर भेटीच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. गोळी सुरू करताना आणि डोस वाढवताना नाडी, रक्तदाब, वजन बघायचं असतं, आणि पुढेही निदान सहा महिन्यांनी. तुमचं शेवटचं वजन कधी, कोणी केलं? क्लिनिकमध्ये झालं नसेल तर स्वतः म्हणा, ‘डॉक्टर, बीपी बघता का?’ असं म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही.

आणि सगळं गोळीवर ढकलण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलं की गोळीशिवायही धडधडतं, दमायला होतं, डोकं दुखतं. त्यात तुम्ही तीन महिने दुपारचं जेवत नाही.

मग चहा. तुमच्या ऑफिसात महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला काय होतं ते मला माहीत आहे. जीएसटीचं पोर्टल फिरत बसतं आणि खालच्या टपरीवरून कटिंगच्या फेऱ्या येत राहतात. गोळीच्या आधीची वीस वर्षं तुम्ही चहावर आणि शेवटच्या दिवसाच्या धास्तीवर काम उरकलं असणार, आपल्यासारख्या देशात निदान न झालेल्या एडीएचडीवर लोकांनी स्वतःच शोधलेलं औषध तेच. आता गोळी आली, चहा गेला नाही, दोन्ही उत्तेजकं एकमेकांवर बसली. सकाळचा एक ठेवा, दुपारी तीननंतरचे सगळे बंद करा आणि आठवडाभर नोंदीत धडधड कुठे जाते ते बघा. सर्दीच्या गोळ्यांचंही तसंच. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन असतं, तेही रक्तदाब वाढवतं. दुकानदाराला ‘सर्दीचं काहीतरी द्या’ म्हणायची सवय आता सोडावी लागेल.

काही गोष्टींमध्ये मात्र नोंदीबिंदी नाही, सरळ कॅज्युअल्टी: छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, जिना चढताना नवीनच दम लागणं, नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं, लोक आपल्या वाईटावर आहेत अशी खात्री वाटू लागणं. बोटं पांढरी-निळी पडून बधिर होत असतील तर त्याच आठवड्यात दाखवा. जवळच्या नात्यात तरुणपणी कोणी अचानक हृदयाने गेलं असेल आणि ते डॉक्टरांना सांगितलं नसेल तर आजच फोन करून सांगा. रात्रीचं ते रडू ‘मी नसते तर बरं झालं असतं’ इथपर्यंत जात असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आता डबा.

भुकेची वाट बघून जेवायचे दिवस तूर्त संपले, आता घड्याळ बघून जेवायचं. मुख्य जेवण सकाळी गोळी चढायच्या आधी. पोह्यांची अर्धी बशी नव्हे. थालीपीठ-दही, अंडं-पोळी, काल रात्रीची भाजी-पोळी, जे काय ते पोटभर. हे औषध खाऊन घेतलं म्हणून वाया जात नाही. दुपारचा डबा लहान करा, इतका लहान की उघडल्यावर भीती वाटू नये. चार घास दहीभात, शेंगदाण्याचा एक लाडू, आणि ताक, कारण अन्न नको वाटतं तेव्हाही पातळ पदार्थ जातो. पाणी बाटलीतून मोजून, तोंड कोरडं पडल्यावर नव्हे. गोळी उतरली की चार-पाचच्या सुमारास भूक एकदम खवळते. त्या वेळी पर्समध्ये राजगिऱ्याची वडी नसेल तर रस्त्यावरचा वडापाव असतो. वडापावला माझा विरोध नाही, पण बसमध्ये चढण्याआधी पोटात काहीतरी गेलेलं असणं हे तुमच्या मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. रात्री साडेनऊला पुन्हा जेवावंसं वाटलं तर जेवा.

आणि सासूबाईंना सांगा. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, एडीएचडी हा शब्द वापरायलाच हवा असं नाही. ‘आई, औषधाने दुपारची भूक जाते, सकाळी जास्त वाढा’ एवढं पुरे. रोज डबा उघडून बघणारी बाई काळजीच करत असते, तिला कामाला लावा.

संध्याकाळच्या भडक्याबद्दल. गोळी उतरताना काही लोकांमध्ये एडीएचडीची मूळ लक्षणं तासभर दुप्पट जोराने परत येतात, चिडचिडीसकट. डॉक्टर त्याला रिबाउंड म्हणतात. यावर डॉक्टरांकडे इलाज आहेत: जास्त तास चालणारा प्रकार देणं, डोस विभागणं, कधी दुपारी छोटी साधी गोळी जोडणं, कधी उलट एकूण डोस उतरवणं. कोणता तुमच्यासाठी, ते तुमची नोंद सांगेल. घरात एक करता येईल: त्या तासात मुलाचा अभ्यास नको. तोही दिवसभराचा थकलेला, त्याचीही गाडी तशीच घसरलेली. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, 70 ते 80 टक्क्यांच्या घरात, त्यामुळे सहा ते सात या वेळेत तुमच्या स्वयंपाकघरात दोन जण सारख्याच कारणाने तडतडत असतात. गृहपाठ मिस्टरांकडे द्या, नाहीतर जेवणानंतर अर्धा तास.

मिस्टरांच्या ‘मशीन’कडे येते. वाक्य बोचरं आहे, पण ते फेकून देऊ नका, त्यात माहिती आहे. माणूस सपाट होणं, हसू न येणं, गप्पांत मन न लागणं हे अनेकदा डोस गरजेपेक्षा जास्त झाल्याचं लक्षण असतं. तुम्ही 10 वर असतानाही ते असंच म्हणायचे का, हे त्यांना विचारा आणि त्यांचं उत्तरही डॉक्टरांना सांगा. शक्य असेल तर त्यांनाच सोबत न्या. मात्र ‘आधीची वेंधळी बरी होतीस’ याचा निकाल तुमच्याशिवाय कोणी लावायचा नाही. वेंधळेपणाची किंमत कोण भरत होतं, उशिरा भरलेली बिलं, हरवलेल्या किल्ल्या, ऑफिसातली बोलणी, ते त्यांना कदाचित दिसलंच नसेल.

मग बंद करायची का? डॉक्टरांना न सांगता नको. एखाद्या दिवशी राहिली तर काही बिघडत नाही, पण मनाने सोडून दिली की त्रास थांबला की नुसता चहा कमी झाला हे कळायला मार्ग राहत नाही, आणि पुढच्या डॉक्टरांच्या कागदावर ‘हे औषध चालत नाही’ असा चुकीचा शेरा पडतो. गोळीची पूड करून किंवा चावूनही घेऊ नका. एसआरचा सगळा डोस एकदम अंगावर येतो. काहींना डॉक्टर रविवारी किंवा सुटीत गोळी न घ्यायची मुभा देतात, वजन सावरायला त्याचा उपयोग होतो. तुम्हाला चालेल का, ते विचारा.

मिथाइलफेनिडेट कुठल्याच प्रकारात आणि कुठल्याच डोसला मानवलं नाही, तर पुढे वाट आहे. ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेलं औषध भारतात मिळतं. त्याचा गुण यायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात, तोवर ‘काहीच होत नाही’ म्हणून लोक सोडून देतात. मळमळ हा त्याचा त्रास, म्हणून जेवणासोबत घेतात. भूक आणि नाडी यांवर त्याचाही थोडाफार परिणाम होतो, तेव्हा ते अगदी निर्धोक आहे अशी समजूत नको. नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असेल तर ॲटोमॉक्सेटिनची रक्तातली पातळी वाढते, हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. क्लोनिडिन हे मूळ रक्तदाबाचं औषध काही वेळा वापरतात, त्याने झोप येते, आणि ते एकाएकी थांबवलं तर रक्तदाब उसळतो.

इंटरनेटवर तुम्ही ॲडरॉलबद्दल वाचलं असेल. ते ॲम्फेटामिनचं औषध भारतात मिळत नाही. ‘गोळीच्या आसपास संत्रं-लिंबू नको’ हा तिकडचा नियम त्याच औषधाचा आहे. लिंबू पिळून पोहे खुशाल खा.

ब्राह्मीचं विचारलंत. या गोळीला पर्याय म्हणून उभी राहील असा भक्कम पुरावा तिच्या बाजूने नाही. घेत असाल तर लपवू नका, एवढंच.

गोळीशिवायचा खरा आधार मला दुसरीकडे दिसतो. अमेरिकेत 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोळी चालू असूनही ज्यांच्या अडचणी उरल्या होत्या असे 86 प्रौढ घेतले होते. काहींना एडीएचडीसाठी बेतलेली सीबीटी, म्हणजे वेळ, कामं आणि टाळाटाळ हाताळायचं शिकवणारी थेरपी दिली, बाकीच्यांना शिथिलीकरण आणि माहिती. सीबीटीच्या गटाला ठळकपणे जास्त फायदा झाला. ही कौशल्यं हाताशी आली की कमी डोसवर भागेल का, हा प्रश्न डॉक्टरांशी बोलण्यासारखा होतो. खासगीत परवडत नसेल तर ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात चौकशी करा.

राहिला मुलगा. तुम्हाला झालेला त्रास त्याला होईलच असं नाही, आणि तुम्हाला गुण आला म्हणून त्याला येईलच असंही नाही. तो रोज पाच चहा पीत नाही आणि जीएसटी भरत नाही. त्याच्यासाठी मिथाइलफेनिडेट ठरलंच तर कमी डोसपासून सुरुवात होईल आणि दर भेटीत उंची-वजन तक्त्यावर मांडलं जाईल, कारण काही मुलांची वाढ थोडी मंदावते आणि ते वेळेत दिसायला हवं. त्याचा निर्णय त्याच्या शाळेकडे, झोपेकडे, मित्रांकडे बघून घ्या. तुमच्या डब्याकडे बघून नको. आणि ‘आधी थोडी देऊन बघू’ म्हणून तुमची गोळी अर्धी करून त्याला कधीही देऊ नका.

एक व्यवहाराची गोष्ट. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते, म्हणून तो तुमच्याकडे तसा बघतो आणि चार प्रश्न विचारतो. त्यात तुमच्याबद्दल संशय नसतो, तो स्वतःचं रजिस्टर सांभाळत असतो. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार हे औषध व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाही, त्यामुळे संपल्यावर धावपळ करून उपयोग नाही. गोळ्या आठवडाभराच्या उरल्या असतानाच अपॉइंटमेंट घ्या, ती 11 आणि 20 तारीख सोडून घ्या, आणि नंबर लावतानाच रिसेप्शनला सांगा की या वेळी डॉक्टरांशी बोलायला पंधरा मिनिटं लागतील.